‘मी जेवले, आई’

नगर जिल्ह्यातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर गाळून त्याचा गाभा इथे देते.

‘आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मिस्टर चर्चच्या पंचकमिटीत, मी महिला मंडळात. धाकटा मुलगा १९ वर्षांचा, पुण्याला शिकतो. पावसाळ्यात एकदा फोनवर विचारलं, जेवलास का? तर म्हणाला, “मी जेवले, आई.” मला वाटलं, जीभ घसरली असेल. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तेव्हा बघितलं, बाथरूममधल्या आरशावर टॉवेल टाकलेला आणि आतला दिवा बंद. अंधारात अंघोळ करतो. खोदून विचारल्यावर रडायला लागला. म्हणाला, “माझा आत्मा मुलीचा आहे, देवानं चुकीच्या शरीरात घातलाय.” मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, एक वडीलधारे म्हणतात, देव कधी चूक करत नाही, पोराला दुष्टात्म्यानं धरलंय, तीन दिवसांच्या उपासप्रार्थनेला न्या, तिथे तेल लावून काढतात. पहिला मुलगाच होता, म्हणून याच्या वेळी मी देवाकडे मुलगी मागितली होती. त्यामुळे हे झालं का? शरीर मुलाचं आणि आत्मा मुलीचा असं असू शकतं का? नाताळला तो घरी येणार आहे. मी काय करू?’

सलाम ताई,

तुमच्या पत्रात मुलगी मागितल्याचं वाक्य अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलं आहे. पण पत्र लिहायला तुम्हाला बसवलं ते त्याच वाक्यानं, असं मला वाटतं. म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. नाही. तुमच्या प्रार्थनेमुळे हे झालेलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला बघून शिष्य प्रभूला हेच विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभू म्हणतो, याचंही नाही आणि याच्या आईबापांचंही नाही. तुमचं लेकरू आंधळं आहे किंवा त्याच्यात काही उणं आहे असं मला यातून सुचवायचं नाही. आईबापांकडे बोट दाखवायची ही सवय किती जुनी आहे आणि प्रभूनं ती कशी एका वाक्यात मोडली, एवढंच तुमच्यापुढे ठेवते. पोटात बाळ असताना अमुक व्हावं असं न म्हणणारी आई मी तरी पाहिलेली नाही. हे ओझं आज खाली ठेवा. ते डोक्यावर असलं, तर पुढचं काही धड ऐकू येणार नाही.

मी ‘लेकरू’ म्हणतेय, तेही समजून-उमजून. आपली मराठी या बाबतीत फार कडक आहे. इंग्रजीत मनुष्य ‘जेवलो’ की ‘जेवले’ हे न सांगता जेवू शकतो. आपल्याकडे तोंडातून क्रियापद निघालं की कळतं. त्या दिवशी फोनवर तुमच्या लेकरानं किती धीर गोळा केला असेल, याचा विचार करा. एका मात्रेत सगळं सांगून टाकलं. कदाचित तुम्ही काही म्हणाल म्हणून दोन क्षण थांबलंही असेल. पण त्याच मराठीनं आपल्याला ‘लेकरू’, ‘मूल’, ‘पोर’ असे नपुंसकलिंगी शब्दही दिले आहेत आणि ते आपण मायेनंच वापरतो. या पत्रापुरता मी तो आडोसा घेतेय. कायम घेता येणार नाही. १९ वर्षांच्या माणसाला जन्मभर ‘ते’ म्हणून कसं चालेल?

आता तुमचा मोठा प्रश्न. आत्मा मुलीचा, शरीर मुलाचं, असं असतं का?

लेकरानं तुमच्यापुढे सिद्धान्त मांडलेला नाही, दुखणं सांगितलंय. दुखणं सांगताना माणूस हाताशी असतील ते शब्द उचलतो. ‘चुकीच्या शरीरात अडकणं’ हे शब्द आज मोबाइलवर सगळीकडे आहेत. आणि त्यांच्या मागचं चित्र तर आपल्या कानावरून रोज जातं. आत्मा म्हणजे आत बसलेला कोणी वेगळा, शरीर म्हणजे त्याची खोली किंवा त्याचा अंगरखा. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो शरीराला आत्म्याचा तुरुंग म्हणत असे. गीतेत जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याची उपमा आहे. कुणी गेलं की आपण ख्रिस्ती माणसंसुद्धा ‘कुडी सोडली’ म्हणतो. भाषा सगळ्यांचीच असते, त्यात वाईट काही नाही. पण बायबलमधलं माणसाचं चित्र वेगळं आहे आणि तुमच्या प्रश्नाची गाठ तिथेच सुटते, असं माझं मत आहे.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा मनुष्य घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. पुढचे शब्द सावकाश वाचा. मनुष्याला जीव ‘मिळाला’ असं तिथे म्हटलेलं नाही, मनुष्य जिवंत जीव ‘झाला’ असं म्हटलंय. मूळ हिब्रू शब्द आहे ‘नेफेश’. इंग्रजीत त्याचं ‘सोल’ झालं आणि घोटाळा तिथून वाढला. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, ‘जीव’. नेफेशचा अगदी जुना अर्थ गळा, घसा. ६९व्या स्तोत्रात भक्त म्हणतो की पाणी माझ्या गळ्याशी आलंय. तिथे हिब्रूत नेफेशच आहे. आपण म्हणतोच की, जीव कंठाशी आला. तहान लागते ती नेफेशला, भूक लागते ती नेफेशला, देवासाठी तळमळतो तोही नेफेश. मराठीत बघा, जीव लागतो, जीव तुटतो, जीव कासावीस होतो, जिवाला बरं वाटत नाही. यात शरीर कुठे संपलं आणि मन कुठे सुरू झालं, हे सांगता येईल का? प्रभूची आई मरिया हिच्या गीतात आपल्या मराठी बायबलनं ‘माझा जीव प्रभूला थोर मानतो’ असं म्हटलंय. मरिया तेव्हा गरोदर होती. तो जीव तिच्या पोटासकट, ओकाऱ्यांसकट, भीतीसकट देवाची थोरवी गात होता.

म्हणून ताई, मुलीचा आत्मा आणि मुलाचं शरीर असे दोन तुकडे करून लेकराकडे बघू नका. तुमच्या घरी एक जीव येतोय. सबंध जीव.

हे नुसतं शब्दांचं खोदकाम नाही. दर रविवारी आपण प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, उभं राहून म्हणतो. त्यात आत्म्याच्या अमरत्वाचं वाक्य नाही, शरीराच्या पुनरुत्थानाचं आहे. तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितानं, प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पत्रावर लिहिताना स्वच्छ म्हटलं की माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. नुसत्या आत्म्याचं तारण झालं तर माझं तारण झालं असं होत नाही. पौल रोमकरांस लिहितो की सगळी सृष्टी कण्हते आहे आणि आपणही आतल्या आत कण्हत वाट बघतो आहोत. कशाची? आपल्या शरीराच्या मुक्तीची. शरीरापासून सुटका त्यानं मागितलेली नाही. या एका विभक्तीप्रत्ययावर आपला अख्खा विश्वास उभा आहे.

यातून दोन्ही बाजूंना काही तरी निघतं. लेकराला सांगायचं ते असं: तुझं शरीर कचरा नाही, चुकून हातात आलेलं दुसऱ्याचं गाठोडं नाही. आज आरशावर टॉवेल टाकावासा वाटतोय, तरी ते शरीर देवाला प्रिय आहे. आणि त्या वडीलधाऱ्यांना सांगायचं ते असं: तुम्ही ‘देव चूक करत नाही’ म्हणता ते खरंच आहे, पण पौल कण्हण्याबद्दल बोलतो तेव्हा तो देवाची चूक काढत नसतो. दुभंगलेल्या ओठाचं बाळ जन्मतं तेव्हा आपण ‘आईच्या उदरात तू मला घडवलंस’ हे १३९वं स्तोत्र म्हणतो आणि टाके घालायलाही नेतो. दोन्ही एकाच विश्वासानं करतो. कण्हणाऱ्याला गप्प करायला देवाचं नाव वापरू नये.

‘आत्म्याला लिंग असतं का’ हेही तुम्ही विचारलंय. हा प्रश्न मंडळीला नवा नाही. सन ३८०च्या सुमारास निस्साच्या ग्रेगरीनं लिहिलं की देवाच्या मूळ प्रतिरूपात नर-नारी हा भेद नाही, तो पुढे जोडला गेला. त्यानंतर ४०-५० वर्षांत ऑगस्टीननं त्याच्या उलट लिहिलं. पुनरुत्थानात स्त्रिया पुरुष होऊन उठतील असं काही लोक म्हणत. ऑगस्टीन म्हणाला, नाही, स्त्रिया स्त्रियाच उठतील, कारण स्त्रीचं शरीर हा दोष नाही, ती प्रकृती आहे. दोघेही मंडळीचे मोठे पितर. दोघांच्याही हाती तेच उत्पत्तीचं पुस्तक, तीच ‘नर व नारी’ ही ओळ. त्यामुळे कुणी टेबलावर हात आपटून ‘बायबलचं एकच म्हणणं आहे’ असं सांगितलं की मला त्यांची घाई दिसते.

आजही मंडळ्यांचं एकमत नाही, आणि ते तुमच्यापासून लपवून मला चालणार नाही. व्हॅटिकननं एप्रिल २०२४मध्ये मानवी प्रतिष्ठेवर एक घोषणा काढली. शरीर ही देणगी आहे, आणि लिंगबदलाची शस्त्रक्रिया त्या प्रतिष्ठेला सहसा धोका पोचवते, असं त्यात म्हटलंय. जन्मतः किंवा पुढे जननेंद्रियांत दोष दिसला, तर त्यावरचे उपचार त्यांनी यातून वगळले आहेत. त्याच व्हॅटिकननं काही महिने आधी, नोव्हेंबर २०२३मध्ये, ट्रान्सजेंडर व्यक्तीला इतर श्रद्धावंतांसारखा बाप्तिस्मा घेता येईल असं उत्तर दिलं होतं. त्यातून लोकांत गोंधळ माजू नये, एवढी अट घातली. इंग्लंडच्या चर्चनं २०१८च्या डिसेंबरात आपल्या पाळकांना सूचना दिली की अशी व्यक्ती नव्या नावानं आली तर बाप्तिस्म्याच्या विश्वासाचं पुन्हा कबुलीकरण करण्याच्या विधीनं तिचं स्वागत करावं. आपल्या नागपुरात मुख्यालय असलेली नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया ही संस्थाही बरीच वर्षं मंडळ्यांना या विषयावर बोलतं करते आहे. अमेरिकेतल्या अनेक इव्हँजेलिकल मंडळ्यांनी मात्र उलट बाजूनं ठाम ठराव केले आहेत.

जे विरोध करतात, त्यातल्या सगळ्यांचं मन कठोर आहे असं समजू नका. त्यांचं खरं म्हणणं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या, पुरुषानं बाईचं आणि बाईनं पुरुषाचं वस्त्र घालू नये, या वचनावर उभं नाही. ते वचन लोक उगाच तोंडावर फेकतात. त्याच अध्यायात लोकर आणि ताग एकत्र विणलेलं कापडसुद्धा मना केलंय, आणि ते आपण सगळेच विसरलोय. त्यांचं वजनदार म्हणणं उत्पत्तीचं आहे: शरीर हे देवाचं बोलणं आहे, ते आपण खोडू नये. मी हे म्हणणं मान देऊन ऐकते. पण देव शरीरातून बोलतो, तर मेंदूही शरीरच आहे, रोज सकाळी छातीवर बसणारा दगडही शरीरालाच जाणवतो. कोणत्या अवयवाचं ऐकायचं आणि कोणत्या नाही, हे बाहेरच्या माणसानं ठरवू नये. इतकी वर्षं वाचून, प्रार्थना करून मी इथे येऊन थांबले आहे.

बायबलमध्ये या चौकटीत न बसणारी माणसं आहेत का? आहेत, आणि आपण त्यांच्यावरून भरभर वाचत जातो. मत्तयच्या १९व्या अध्यायात प्रभू स्वतः षंढांबद्दल बोलतो: काही आईच्या उदरातून तसे जन्मलेले, काही माणसांनी केलेले, काही स्वर्गाच्या राज्यासाठी तसे झालेले. आजचा ट्रान्सजेंडर आणि तेव्हाचा षंढ एकच, असं मी म्हणणार नाही, ते खरं होणार नाही. पण ‘आईच्या उदरातून तसे’ हे शब्द त्याच्या तोंडी आहेत. त्या काळच्या यहुदी गुरूंनाही हे माहीत होतं. सन २००च्या आसपास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या यहुदी नियमांच्या संग्रहात ‘अँद्रोगिनोस’ आणि ‘तुमतुम’ असे शब्द येतात. एक, दोन्ही खुणा असलेल्यासाठी. दुसरा, काहीच उघड न दिसणाऱ्यासाठी. मी सुईणीबरोबर उभी राहून अशी बाळंतपणं पाहिली आहेत. मुलगा की मुलगी, हे सांगताना तिचा आवाज अडतो आणि बाहेर पेढे घेऊन उभा असलेला बाप वाट बघत राहतो.

मी एका मिशनच्या दवाखान्यात ३१ वर्षं परिचारिका होते. १९९४च्या आसपासची गोष्ट आहे. हर्नियाच्या ऑपरेशनला एक तृतीयपंथी व्यक्ती आली. पुरुषांच्या वॉर्डात नको म्हणाले, बायकांच्या वॉर्डात नको म्हणाल्या, म्हणून व्हरांड्याच्या टोकाला खाट टाकली. ऑपरेशनआधी अंगावरचं सगळं उतरवायचं असतं. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, अगदी घट्ट. साबणाचं पाणी लावून मी एकेक काढली. एक फुटली, मनगटाला बारीक कापलं, पण ‘स्स’सुद्धा केलं नाही. सगळ्या बांगड्या खाकी पाकिटात घातल्या आणि केसपेपरवर होतं ते पुरुषाचं नाव पाकिटावर लिहिलं. माझ्या हाताकडे बघत ती म्हणाली, ‘सिस्टर, दुसरं नाव लिहा ना. या बांगड्या त्याच्या नाहीत.’ मी म्हटलं, नियम आहे. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

बांगड्या परत दिल्या, जखम भरली, ती घरी गेली. माझ्या हातून नियम पाळला गेला आणि एक माणूस सुटून गेलं. पेन हातात होतं. पाकिटाच्या मागच्या बाजूला आणखी एक नाव लिहायला मला काय झालं होतं?

पुढे कधीतरी यशयाचा ५६वा अध्याय वाचताना मी एका ओळीवर अडकले. अनुवादातला जुना नियम षंढाला देवाच्या मंडळीत येऊ देत नाही. यशयात देव म्हणतो, षंढानं स्वतःला वाळलेलं झाड म्हणू नये. माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत मी त्याला मुलामुलींहून उत्तम असं नाव देईन, कधी न पुसलं जाणारं नाव. नाव! आणि प्रेषितांच्या कृत्यांत तो इथिओपियाचा षंढ अधिकारी यरुशलेमेहून गाझ्याच्या वाटेनं परत चाललाय, रथात बसून यशयाच वाचतोय. ५३वा अध्याय. आणखी तीन अध्यायांवर त्याच्यासाठीचं वचन आहे. प्रभूची सुवार्ता सांगणारा फिलिप्प रथाबरोबर धावतो, वर चढून त्याच्या शेजारी बसतो. वाटेत पाणी दिसतं आणि तो अधिकारी विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? फिलिप्प यादी काढत बसत नाही. दोघेही पाण्यात उतरतात.

म्हणून उपासप्रार्थनेच्या त्या ठिकाणी लेकराला नेऊ नका. हे मी ठामपणे सांगते. प्रार्थना जरूर करा, घरी करा, लेकराचा हात हातात घेऊन करा, त्याला काय मागायचंय ते त्याच्या तोंडून मागू द्या. पण चार जणांनी धरून, कपाळाला तेल लावून, ओरडून काहीतरी ‘काढायचं’, यातून मुलं आतून मोडतात. दुष्टात्मा मानायला तुमच्या लेकराच्या वागण्यात एकही खूण नाही. खोटं बोलत नाही, कुणाला दुखवत नाही, फोनवर आईला जेवल्याचं सांगतं. वैद्यकानंही अशी मुलं ‘बदलून’ द्यायच्या थेरपीला मना केलंय. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२मध्ये तो डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या वर्गीकरणात ट्रान्सजेंडर असणं मानसिक आजारांच्या यादीतून काढलं, आणि ते वर्गीकरण २०२२पासून लागू आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४च्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. कायद्याचं पुढचं पुढे बघता येईल, घाई नाही.

घाई एकाच गोष्टीची आहे. लेकराला एकांतात स्पष्ट विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानं माणूस मोकळा होतो. हो म्हणालं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो विचार नसला तरी पुण्यात या विषयाची जाण असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाची भेट घ्याच, पहिल्यांदा जमल्यास तुम्ही बरोबर जा आणि बाहेर बसा. मैत्रिणींकडून ऐकून किंवा मोबाइलवर बघून दुकानातून संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोनच्या, गोळ्या आणून घेतल्या जातात. तसं काही चाललंय का, तेही न ओरडता विचारा. रक्त तपासल्याशिवाय ते फार धोक्याचं असतं. पुढे उपचार घ्यायचे की नाही, कोणते आणि कधी, हे लेकरू सज्ञान आहे, डॉक्टरांबरोबर बसून सावकाश ठरवेल. पंचकमिटीत हात वर करून ठरवायचा तो विषय नाही.

मिस्टरांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, की ते काही बोलत नाहीत. त्यांना लगेच बोलायला लावू नका. हे पत्र त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवा.

नाताळच्या उपासनेला लेकरू काय घालेल, याची तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती आहे, हे मला पत्राच्या शेवटच्या पानावर दिसलं. त्या पानावर खाडाखोड फार आहे. लेकराला आधीच फोन करून विचारा, यायचंय का, कोणत्या उपासनेला, कसं? नाही म्हणालं तर घरी दोघी-दोघं बसून लूकचा दुसरा अध्याय वाचा, ख्रिस्तजन्म तिथेही होईल. यायचं म्हणालं तर एकाच बाकावर बसा, तुम्ही बाहेरच्या टोकाला, म्हणजे शेजारून जाणाऱ्याची नजर आधी तुमच्यावर पडेल. पाळकसाहेबांना आधी भेटून ठेवा. परवानगी मागायला जाऊ नका, सांगायला जा. मोठं कुटुंब, चार नातेवाईक, महिला मंडळ यांना सगळं आजच कळलं पाहिजे असं नाही. कोणाला, कधी, किती सांगायचं हे लेकराचं राहू द्या. त्याच्या आधी तुम्ही बोलून बसू नका. आया बोलून बसतात, रडता रडता.

आणि बाथरूममध्ये मेणबत्ती ठेवा, किंवा एक बारीक दिवा. आरसा झाकलेला असू द्या, टॉवेल ओढू नका. अंधारात पाय घसरतो, म्हणून ठेवलाय म्हणा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात मंडळीतले लोक काय म्हणाले ते आहे, जाऊबाई काय म्हणाल्या ते आहे, यूट्यूबवरचे पाळक काय म्हणाले तेही आहे. लेकरानं स्वतःला कोणतं नाव घेतलंय, ते मात्र चार पानांत कुठेच नाही. घेतलं असेल, ताई. ‘जेवले’ म्हणायच्या कितीतरी आधी घेतलेलं असेल. उद्या फोन कराल तेव्हा आधी जेवणाचं विचारा, रोजच्यासारखं. मग ते विचारा.